फेकलेले चक्र परत येते का? : कृष्णाकाठचा एक धागा

(१)
आजचा धागा एका चुकीच्या कबुलीपासून सुरू करतो. गेल्या वर्षी अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत माझ्यापर्यंत आली. निवेदकाचा दावा असा : मावळ्यांकडे पोलादी चक्रे असत, ती शत्रूचा शिरच्छेद करून पुन्हा फेकणाऱ्याच्या बोटावर येत. खाली ना बखरीचे नाव, ना पत्राचा दिनांक, ना एखाद्या शस्त्रागाराची यादी. इतिहासाचा विद्यार्थी असूनही मी ती पडताळणी न करता पुढे पाठवली.

(२)
माझे घर सांगलीचे, आत्याचे साताऱ्याचे. दिवाळीत आत्याकडे गेलो असता आम्ही संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात त्या घाटावर बसलो होतो. नववीतला माझा आतेभाऊ कौलाचे चपटे तुकडे पाण्यावर तिरपे फेकत होता. तुकडा चार-पाच उड्या मारून बुडे. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "दादा, तू पाठवलेलं ते चक्र. ते मानेला लागल्यावर परत कसं येईल? माझा हा तुकडा तर पाण्याला नुसता टेकला तरी मंद होतो."

(३)
माझ्याकडे उत्तर नव्हते. एम.ए.च्या वर्गात आम्हाला अस्सल कागद कसा ओळखावा, शके आणि सन यांचा मेळ कसा घालावा, मोडीतील अक्षर कसे लावावे, हे शिकवतात. फेकलेली चकती हवेत काय करते, हे कोणी शिकवत नाही. त्या प्रश्नाने मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकांकडे नेले. तिथे जे सापडले, ते इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी समजून घ्यावे असे वाटते.

(४)
आमचा हा मुलूख पुराव्याच्या आग्रहासाठी प्रसिद्ध आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईस सापडलेल्या कागदांच्या बळावर. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागद, चित्रे आणि नकाशे यांचा मोठा संग्रह उभा केला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. या तिघांनी आपल्याला एक प्रश्न विचारायला शिकवले : कागद कुठे आहे? माहुलीच्या घाटावर माझ्या आतेभावाने दुसरा विचारला : हे घडू तरी शकते का? दोन्ही प्रश्न लागतात.

(५)
आधी चपट्या वस्तूचा स्वभाव पाहू. चेंडू कसाही फेका, तो हवेला एकच तोंड दाखवतो. चपट्या वस्तूचे तसे नाही. ती कडेने गेली तर हवा कापते, आडवी झाली तर हवेवर आपटते. शिवाय किंचित नाक वर करून पुढे जाणाऱ्या तबकडीवर हवेचा वर उचलणारा जोर तिच्या मध्यावर पडत नाही. तो पुढच्या कडेकडे सरकलेला असतो. म्हणून नाक आणखी वर जाते, तबकडी उभी होते, उलटते आणि कोसळते. एखादे पत्र्याचे झाकण न फिरवता ढकलून पाहा. दोन हातांवर गटांगळी खाईल.

(६)
हा गोंधळ थोरामोठ्यांनाही खुणावत आला आहे. विद्युत्चुंबकत्वाची समीकरणे पुढे ज्यांच्या नावाने ओळखली गेली, त्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५४ च्या सुमारास, ऐन तरुणपणी, हवेत पडणारी कागदाची पट्टी गिरक्या घेत तिरपी का घसरते, यावर एक टिपण लिहिले. वयाने तेव्हा ते आपल्यापैकी अनेकांच्या बरोबरीचे होते. साध्या गोष्टीकडे पाहून 'का' विचारणे, हाच त्यांचाही आरंभ.

(७)
आता त्याच झाकणाला मनगटाने गिरकी द्या. ते सरळ जाते. कारण आपल्याला भोवऱ्यामुळे ठाऊक आहे. न फिरणारा भोवरा आरीवर उभा राहत नाही, फिरणारा राहतो. फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सहजासहजी सोडत नाही. गती जितकी अधिक आणि वस्तुमान मध्यापासून जितके दूर, तितका हा हट्ट मोठा.

(८)
या हट्टात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. फिरणाऱ्या वस्तूला तुम्ही एका दिशेने कलवू पाहिले, तर ती त्या दिशेने कलत नाही. काटकोनात दुसरीकडे कलते. म्हणजे हवा तबकडीचे नाक वर उचलू पाहते, पण गिरकीमुळे नाक वर न जाता तबकडी सावकाश एका कुशीवर झुकते. कोसळण्याचे संकट झुकण्याच्या सौम्य दोषात बदलते. उजव्या हाताने, छातीपासून बाहेर झटका देऊन फेकलेली फ्रिजबी उड्डाणाच्या अखेरीस डावीकडे का वळते, याचे मर्म हेच आहे. गिरकी धोका नाहीसा करत नाही; ती त्याला उशीर लावते. तेवढ्या उशिरात वस्तू लांबवर पोहोचते.

(९)
माहुलीच्या पाण्यावरच्या कौलालाही हाच नियम लागू. तुकड्याची मागची कड आधी पाण्याला टेकते आणि पाणी तिला वर ढकलते. गिरकी नसेल तर तो पुढे तोंडघशी पडून बुडेल. गिरकी असेल तर कोन टिकतो, तुकडा उसळतो आणि पुढच्या उडीसाठी तसाच तिरपा राहतो. पुष्कळ उड्या मारलेल्या दगडाचा मार्ग शेवटी एका बाजूला वळतो, तोही वर सांगितलेल्या झुकण्यामुळेच.

(१०)
या खेळावर इटालियन निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी १७६५ साली लिहिले होते. आपल्याकडे तेव्हा पानिपताला चार वर्षे झाली होती आणि थोरले माधवराव पेशवे होते. पुढे २००४ साली क्लानेट, हर्सन आणि बोके या फ्रेंच संशोधकांनी यंत्राने ॲल्युमिनियमची चकती पाण्यावर फेकून मोजमापे घेतली. चकती आणि पाणी यांच्यात सुमारे २० अंशांचा कोन असेल तेव्हा ती सर्वांत चांगली उसळते, असे त्यांना आढळले. सर्वाधिक उड्यांचा विक्रम अमेरिकेच्या कर्ट स्टायनर यांचा आहे : २०१३ साली ८८ उड्या. पण त्या ८८ उड्यांतही दगडाने दर टेकीला थोडी गती पाण्याला दिली आणि अखेर तो बुडाला. ही गोष्ट लक्षात ठेवा. चक्राकडे जाताना ती उपयोगी पडेल.

(११)
आता थाळीफेक. ग्रीक शिल्पकार मायरन याचा थाळीफेक करणारा तरुण इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला. मूळ कांस्यमूर्ती आज नाही. रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृतींवरून आपण ती ओळखतो. म्हणजे इथेही मूळ कागद हरवलेला आणि नकला हाती, ही इतिहासकाराची नेहमीची अडचण आहेच. आजची पुरुषांची थाळी २ किलोची, सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाची. महिलांची १ किलोची, सुमारे १८ सेंटिमीटरची. तिच्या कडेला धातूचे कडे असते. वस्तुमान कडेला ठेवायचे, म्हणजे गिरकी टिकते, हे सूत्र तिथे उघड दिसते.

(१२)
१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकची एक हकिगत पुराव्याच्या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. प्रिन्स्टनचा विद्यार्थी रॉबर्ट गॅरेट याने थाळी कधी पाहिलीच नव्हती. जुन्या वर्णनांच्या आधारे त्याने एक थाळी घडवून घेतली, ती जवळजवळ १४ किलोची निघाली म्हणतात. ती फेकणे अशक्य वाटून त्याने नाद सोडला. अथेन्सला पोहोचल्यावर प्रत्यक्ष थाळी हाती आली, ती अगदीच हलकी. त्याने ऐनवेळी नाव दिले आणि २९.१५ मीटर फेक करून सुवर्णपदक मिळवले. वर्णनाने दिशाभूल केली, वस्तूने ती दुरुस्त केली.

(१३)
थाळीची आणखी एक गंमत पाहा. आपल्याला वाटते, पाठीमागून वारा असेल तर थाळी लांब जाईल. प्रत्यक्षात मर्यादित वेगाचा समोरचा वारा तिला अधिक लांब नेतो. समोरून येणारी हवा थाळीवरून वेगाने जाते, उचलणारा जोर वाढतो, ती अधिक काळ अधांतरी राहते. गोळ्याला हे भाग्य नाही, कारण तो चपटा नाही. पुरुषांचा ७४.०८ मीटरचा विक्रम युर्गेन शुल्ट यांनी १९८६ साली केला, तो ३८ वर्षे टिकला. २०२४ साली लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने तो मोडला आणि २०२५ साली ७५.५६ मीटरपर्यंत नेला. दोन्ही फेकी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील रमोना या वाऱ्यासाठी ख्यात असलेल्या मैदानावरच्या.

(१४)
आता मुख्य प्रश्नाकडे वळू. चक्र हे शस्त्र खरोखर होते का? होते. पोलादाचे चपटे कडे, बाहेरची धार तीक्ष्ण, मध्ये मोठे भोक. तर्जनीभोवती गरगरवून किंवा अंगठा व तर्जनीत धरून ते फेकत. अशी चक्रे आज अनेक संग्रहालयांत आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही ती पाहता येतात.

(१५)
भोक कशासाठी? एक उपयोग सरळ आहे : चक्रे हातात किंवा पगडीवर अडकवून नेता येतात. दुसरा भौतिकशास्त्राचा. तेवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच व्यासाची भरीव चकती व पातळ कडे घेतले, तर फिरती स्थिती टिकवण्याचे जडत्व कड्यात दुप्पट असते. प्रत्यक्ष चक्राला थोडी रुंदी असल्यामुळे ते बरोबर दुप्पट भरत नाही, पण चकतीपेक्षा बरेच जास्त असते. ज्या लोहाराने हे घडवले, त्याच्यापाशी सूत्र नव्हते. हाताला आलेला अनुभव होता.

(१६)
कागद काय सांगतात? सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखनिकाने दिल्लीच्या राज्यातील लोकांच्या शस्त्रांत बाहेरून धार असलेली, बोटावर फिरवून फेकली जाणारी पोलादी चक्रे नोंदवली. बार्बोसाचा वावर मलबार किनाऱ्यावर, कण्णूर परिसरात होता. दिल्लीचे वर्णन ऐकीव म्हणूनच वाचले पाहिजे. पण त्याच्या वर्णनाशी जुळणारी चक्रे आज संग्रहालयांत आहेत, म्हणून त्याची साक्ष वजनदार ठरते. पुढे हे शस्त्र सर्वांत अधिक ओळखले गेले ते शिखांच्या अकाली निहंगांमुळे. आपल्या महाराष्ट्रातही ते पाहता येते : १७०८ साली गुरू गोविंदसिंग ज्या नांदेडात निवर्तले, तिथल्या हजूर साहिबच्या होला मोहल्ल्यात उंच दुमाल्यांवर पोलादी चक्रे ल्यालेले निहंग दिसतात.

(१७)
म्हणजे चित्रफितीतले 'चक्र नावाचे फेकीचे शस्त्र होते' हे विधान खरे. 'मावळ्यांचे ते नेहमीचे शस्त्र होते' या विधानासाठी पत्र, यादी वा बखर पुढे करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे. उरले तिसरे : 'शिर उडवून परत बोटावर येई.' इथे कागद शोधण्याचीही गरज नाही.

(१८)
परत येते ते बूमरँग. त्याला हात असतात आणि प्रत्येक हात पंखासारखा घडवलेला असतो. ते जवळजवळ उभे धरून फेकतात. वरचा हात पुढे झेपावत असतो, म्हणून त्याला हवा जोरात लागते. खालचा मागे जात असतो, त्याला कमी लागते. या असमतोलाला गिरकी काटकोनात वळवते आणि संपूर्ण मार्ग वर्तुळाकार होतो. गोल चक्राला हातच नाहीत. ते कितीही फिरले तरी हवेला सर्व बाजूंनी सारखेच दिसते. हा असमतोल निर्माणच होत नाही. हलकी चकती उंच, वाऱ्याविरुद्ध फेकली तर घसरत मागे येऊ शकते, हे खरे. पण पोलादी कडे शत्रूवर रोखून फेकले असता तसे घडत नाही.

(१९)
आणि लागल्यावर? आतेभावाचा प्रश्न नेमका हाच होता. ज्याला ते लागले, त्याला त्याने आपला संवेग दिला. मागे येण्यासाठी उलट दिशेने तेवढाच जोर कोणीतरी द्यावा लागेल. मान तो देत नाही. बूमरँगसुद्धा सावजाला लागले तर तिथेच पडते. परत येते ते नेम चुकलेले. कौलाचा तुकडा नुसत्या पाण्याला टेकून मंद होतो, हे नववीतल्या मुलाने पाहिले होते. मी पाहूनही त्याचा विचार केला नव्हता.

(२०)
गंमत म्हणजे मराठी शस्त्रपरंपरेत फेकून परत येणारे एक शस्त्र खरोखर आहे : विटा. भाल्याला दोरी बांधलेली असे. फेकायचा आणि ओढून घ्यायचा. मर्दानी खेळांत आजही तो दाखवतात. चमत्कार नाही, एक दोरी आहे. आमच्या सांगली जिल्ह्यात विटा नावाचे गावही आहे. पण केवळ नाव सारखे म्हणून त्या गावाचा या शस्त्राशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. एक चूक पुरे झाली.

(२१)
कोणी विचारील, मग सुदर्शनाचे काय? सुदर्शन हे पुराणातले, श्रद्धेच्या प्रांतातले दिव्य आयुध आहे. त्याला माझ्या साक्षीची गरज नाही आणि भौतिकशास्त्राच्या परवान्याचीही नाही. त्याला शस्त्रागाराच्या यादीत बसवू पाहणे हा श्रद्धेचाही अवमान आणि इतिहासाचाही. मात्र मूर्तिकारांकडून इतिहासकाराला शिकता येते. दक्षिणेत पल्लव आणि आरंभीच्या चोळ काळातील विष्णुमूर्तींत चक्र काही वेळा भक्ताकडे कड करून, फेकण्याच्या पवित्र्यात धरलेले असते. त्याला प्रयोगचक्र म्हणतात. त्या शिल्पकाराच्या डोळ्यांपुढे चक्र हे फेकीचे आयुधच होते.

(२२)
सत्य दंतकथेपेक्षा फिके असते, असा समज असेल तर शेवटची नोंद पाहा. विसाव्या शतकात फ्रेड मॉरिसन यांच्या प्लॅस्टिकच्या तबकडीतून १९५७ साली फ्रिजबी बाजारात आली. तिची जाड कड म्हणजे पुन्हा तेच सूत्र : वजन बाहेर. पण त्याहून लांब गेले ते मधे भोक असलेले कडे. अमेरिकन अभियंता ॲलन ॲडलर यांनी १९८० च्या दशकात एरोबी नावाचे पातळ वलय घडवले. कड्याची पुढची बाजू हवा खाली वळवते आणि मागच्या बाजूला उचल कमी मिळते. त्यांनी कडेचा आकार असा बेतला की दोन्हींचा तोल राखला जाईल. २००३ साली ते वलय हाताने ४०६ मीटर फेकले गेले. म्हणजे चक्राचा आकार निवडणारे लोक चुकले नव्हते. त्यांचे कौशल्य सांगण्यासाठी आपल्याला खोटी भर घालण्याचे कारणच नव्हते.

(२३)
आपल्या पूर्वजांच्या नावावर न घडू शकणारी गोष्ट चढवली की, ती खोटी ठरण्याच्या दिवशी त्यांची खरी करणीही लोकांना संशयास्पद वाटू लागते. ज्यांनी खरोखर गड राखले, गनिमी काव्याने मोठ्या फौजा थकवल्या, त्यांना परत येणाऱ्या चक्राची उसनी कीर्ती नको. मी ती चित्रफीत काढून टाकली आणि ज्या गटांत पाठवली होती, तिथे चूक कबूल केली. दोघेजण गट सोडून गेले. एका काकांनी लिहिले, "बरे झाले, मीही पुढे पाठवली होती."

(२४)
तुम्हीही पडताळा घ्या. प्लॅस्टिकच्या डब्याचे एक झाकण मोकळ्या मैदानात आधी न फिरवता फेका, मग फिरवून फेका. नंतर तसेच दुसरे झाकण मधून गोल कापून त्याचे कडे करा आणि पुन्हा फेका. धारदार काही घेऊ नका, समोर कोणी उभे नाही ना पाहा. आणि पुढच्या वेळी एखादा थक्क करणारा दावा समोर आला की दोन प्रश्न विचारा : कागद कुठे आहे? आणि हे घडू तरी शकते का?

(२५)
आतेभावाला मी हे सगळे फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे कौलाचा तुकडा बरोबर होता." होय, कौलाचा तुकडा बरोबर होता. या धाग्यात काही चुकले असेल तर पुराव्यासह जरूर सांगा. दुरुस्ती याच धाग्याखाली जोडीन.